ताळा कशाशी पाहायचा? बीटा सॉफ्टवेअर आणि दोन पगारपत्रकांचा इतिहास

पडद्यापलीकडे कोण कोण बसले आहे ते मला दिसत नाही. पण मागच्या व्याख्यानानंतर जे प्रश्न आले त्यांवरून एवढे कळले, की तुमच्यात हिशेब लिहिणारे, कचेरी सांभाळणारे, छोटा व्यवसाय करणारे बरेच जण आहेत. आणि त्यांतल्या अनेकांनी वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट विचारली होती. अमुक सॉफ्टवेअर अजून ‘बीटा’ आहे, फुकट किंवा स्वस्तात मिळते आहे, तर धंद्याचे काम त्यावर टाकावे का?

मी तत्त्वज्ञानाचा माणूस. सॉफ्टवेअर कसे लिहितात ते मला येत नाही, आणि या वयात यायचेही नाही. पण एखादी गोष्ट खरी आहे असे आपण कशावरून धरतो, हा प्रश्न मात्र आमच्या दुकानातला आहे. म्हणून सल्ला शेवटी देईन, तोही कोणी विचारलाच तर. आधी इतिहास सांगतो.

सुरुवात शब्दापासून करू. बीटा हे ग्रीक वर्णमालेतले दुसरे अक्षर. कचेरीत मात्र ते ग्रीसहून आले नाही, आयबीएम या कंपनीतून आले. १९५० च्या दशकात आयबीएम आपल्या यंत्रांच्या ठरावीक चाचण्या घेत असे. नव्या यंत्राची जाहीर घोषणा करण्याआधी ‘ए’ चाचणी. ते उत्पादनाला देण्याआधी ‘बी’ चाचणी. बाजारात येण्याआधी ‘सी’ चाचणी. पुढे हीच भाषा सॉफ्टवेअरला लागली आणि ए-बीचे अल्फा-बीटा झाले. गंमत अशी, की आयबीएमने स्वतः हे शब्द १९६० च्या दशकात सोडून दिले. तोवर बाकी सगळ्यांच्या तोंडी ते बसले होते.

यात एक बदल झाला, तो सहज निसटतो. आयबीएमची ‘बी’ चाचणी कोण घेत होते? बनवणाराच. पुढे बीटा म्हणजे बाहेरच्या माणसाने, म्हणजे गिऱ्हाइकाने, आपल्या जागी वापरून पाहण्याची चाचणी असा अर्थ झाला. तपासणारा बदलला. सुरुवातीला त्यातही गैर काही नव्हते. डिस्कवर, सीडीवर सॉफ्टवेअर येई त्या काळात बीटा घेणाऱ्याला पक्के माहीत असे की ही कच्ची वस्तू आहे, मी ती तपासून द्यायची आहे, आणि माझे रोजचे काम दुसऱ्या यंत्रावर चालू ठेवायचे आहे. हा एक करार होता. तोंडी म्हणा, पण करार.

मग इंटरनेट आले. गूगलने १ एप्रिल २००४ रोजी जीमेल सुरू केले, ते बीटा म्हणून. ती बीटाची पाटी उतरली ७ जुलै २००९ ला. पाच वर्षे तीन महिने! आपल्याकडे मूल तेवढ्या वेळात बालवाडीतून बाहेर पडते. त्याहून मजा म्हणजे फेब्रुवारी २००७ पासून गूगल हीच सेवा कंपन्यांना माणशी वर्षाला ५० डॉलर घेऊन विकत होते. पैसे पक्के, पाटी कच्ची. शेवटी पाटी काढली त्यामागेही हेच कारण होते, की मोठ्या कंपन्यांचे अधिकारी बीटा हा शब्द बघून दचकत होते.

आता जीमेल काही कोसळले नाही. लोकांनी पाच वर्षे बीटावर पत्रव्यवहार केला आणि त्यांचे बरे चालले. उलट ज्या यंत्रणेच्या कपाळावर बीटा हा शब्द कधीच नव्हता, तिने लाखो माणसांचे पगार बिघडवले. तिच्याकडे मी येणार आहे. तेव्हा पाटीवर फार जाऊ नका. पाटी ही विकणाऱ्याची सोय असते. वस्तू कच्ची की पक्की हे पाटीवरून ठरत नसेल तर कशावरून ठरते? त्यासाठी मी तुम्हाला लंडनमध्ये नेतो, चहाच्या दुकानात.

जे. लायन्स अँड कंपनी. इंग्लंडभर त्यांची चहाची दुकाने होती आणि लंडनला हॅमरस्मिथ भागात कॅडबी हॉल नावाची मोठी बेकरी. पाव, केक, पाय रोज बनायचे, रोज विकायचे. नफा पैशापैशाचा, त्यामुळे हिशेब फार, आणि हिशेबासाठी कारकून फार. १९४७ मध्ये या कंपनीने आपली दोन माणसे अमेरिकेत पाठवली, रेमंड थॉम्पसन आणि ऑलिव्हर स्टँडिंगफोर्ड, कचेरीच्या कामातल्या नव्या पद्धती पाहायला. त्यांना तिथे इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांची बातमी लागली, आणि असेच एक यंत्र घरच्या अंगणात, केंब्रिज विद्यापीठात बनते आहे हेही कळले. लायन्सने केंब्रिजला ३,००० पौंड दिले, मदतीला माणूस दिला, आणि ते यंत्र चालले तेव्हा त्याच धर्तीवर स्वतःचे बनवले. नाव लिओ, म्हणजे लायन्स इलेक्ट्रॉनिक ऑफिस. चहावाल्यांनी संगणक बांधला! जॉन पिंकर्टन हा इंजिनिअर, आणि कामाची मांडणी करणारा डेव्हिड कॅमिनर.

आता यांनी त्यावर पहिले काम कोणते टाकले ते बघा. पगार नाही. ‘बेकरी व्हॅल्युएशन’ नावाचा हिशेब, म्हणजे बेकरीतून निघालेल्या मालाची किंमत लावण्याचा. ५ सप्टेंबर १९५१ रोजी हे काम प्रथम चाचणी म्हणून चालवले. आणि यंत्राने ते पूर्णपणे ताब्यात घेतले २९-३० नोव्हेंबरला. मध्ये जवळजवळ तीन महिने. रोज चालणारा, धंद्याचा, संगणकावरचा जगातला हा पहिला हिशेब मानतात. तो चुकला असता तर काय झाले असते? व्यवस्थापकाच्या टेबलावर एक आकडा चुकीचा गेला असता. कोणाची चूल विझली नसती.

पगाराला हात घातला तो यानंतर दोन वर्षांनी, १९५३ संपता संपता. याला तांत्रिक कारणेही होती. चुंबकीय फितीवरून माहिती आत घ्यायची एक यंत्रणा दुसऱ्या कंपनीकडून बनवून घेतली होती, ती काही केल्या धड चालेना. शेवटी ती सोडून साधी भोकांची कार्डे घ्यावी लागली. पण यंत्र पगार काढू लागल्यावरही कारकुनांना लगेच घरी पाठवले नाही. काही आठवडे लिओ पगार काढी आणि कारकूनही काढीत. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहत. ते जुळत राहिले तेव्हाच, १९५४ मध्ये, लिओच्या पावतीवर माणसांच्या हातात पैसे पडले. एका माणसाचा पगार काढायला अनुभवी कारकुनाला आठेक मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद. म्हणजे मोह किती मोठा होता बघा! आठ मिनिटे आणि दीड सेकंद. तरी थांबले.

या शेजारी कागद ठेवून पाहण्याला मराठीत फार चांगला शब्द आहे : ताळा. आपण लहानपणी गुणाकाराचा ताळा पाहत होतो. व्यापाऱ्याकडे रोजकीर्द आणि खतावणी यांचा ताळा जमावा लागे. ताळेबंद, ताळमेळ, हे सगळे त्याच घरातले शब्द. ताळ्याचे वैशिष्ट्य काय? तेच गणित त्याच रीतीने पुन्हा करून पाहणे म्हणजे ताळा नव्हे. चूक तीच पुन्हा होईल. ताळा वेगळ्या वाटेने यावा लागतो.

आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात पगारपत्रक संगणकावर गेले तेव्हा आमच्या हेडक्लार्कनी, आम्ही त्यांना भाऊसाहेब म्हणायचो, लांबलचक हिरवे रजिस्टर पुढे वर्षभर हाताने चालू ठेवले होते. प्राध्यापक मंडळी हसायची. ‘भाऊसाहेब, कॉम्प्युटरवर विश्वास नाही वाटतं?’ ते म्हणायचे, ‘विश्वास आहे हो सर, पण ताळा कशाशी पाहू?’ मी वर्गात ज्ञानमीमांसा शिकवत होतो आणि ते ती खालच्या मजल्यावर करत होते.

हे मी विनोदाने म्हणत नाही. भारतीय तत्त्वज्ञानात प्रामाण्याचा एक जुना वाद आहे. मला एखादे ज्ञान झाले, समोर पाणी आहे असे. ते खरे आहे हे मला कशावरून कळते? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. त्याला बाधा आणणारे दुसरे ज्ञान येईपर्यंत ते खरेच धरायचे. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात, कुमारिल भट्ट याचा मोठा पुरस्कर्ता. नैयायिक म्हणतात, नाही. ज्ञानाचे खरेपण बाहेरून ठरते. पाण्याकडे चालत जा, पिऊन बघ, तहान भागली तर पाणी, नाहीतर मृगजळ. हे परतःप्रामाण्य. कृती यशस्वी होणे याला ते प्रवृत्तिसामर्थ्य म्हणतात, वात्स्यायनाच्या भाष्याची सुरुवातच या विचाराने होते.

आता हे कचेरीत लावून बघा. यंत्राने सांगितले, अमक्याचा पगार इतका. मीमांसक व्यवस्थापक म्हणेल, तक्रार येईपर्यंत हे खरे. ठीक आहे, पण बाधक ज्ञान यायचे कुठून? शेजारी रजिस्टर असेल तर त्यातून येईल, पैसे निघायच्या आधी. रजिस्टर बंद केले असेल तर ते एकाच ठिकाणाहून येऊ शकते, ज्याचा पगार आला नाही त्या माणसाकडून. आणि नैयायिक व्यवस्थापक म्हणेल, वापरून बघू, यश आले तर खरे. तेही ठीक. पण पाणी की मृगजळ हे पाहायला जो चालत जातो, तहान त्याचीच असते. इथे चालत पाठवायचे कारकुनाला किंवा शिपायाला, आणि निष्कर्ष काढायचा साहेबांनी. शास्त्रकारांनी ही अडचण धरलेली नाही, कारण त्यांच्या उदाहरणात जाणणारा आणि भोगणारा एकच माणूस आहे. मला वाटते बीटाच्या प्रश्नाचे मूळ इथे आहे. सॉफ्टवेअर अर्धवट असणे हा दोष नाही, सगळीच सॉफ्टवेअरे थोडीफार अर्धवट असतात. आपण प्रयोगात आहोत हे ज्याला माहीतच नाही, त्याच्या अंगावर प्रयोग होणे, आणि तोही ताळा मोडून टाकल्यावर, हा दोष आहे.

आता कॅनडाकडे जाऊ. यावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे.

कॅनडाच्या केंद्र सरकारचे पगार काढणारी यंत्रणा ४० वर्षांची जुनी झाली होती. २००९ मध्ये तिच्या जागी नवी आणायचे ठरले. अंदाज ३१ कोटी डॉलरचा. त्यातले निम्मे, साडेपंधरा कोटी, सॉफ्टवेअर उभे करायला, आणि बाकीच्यात सगळे पगाराचे काम एका गावी आणायचा खर्चही होता. ते गाव मिरामिची, न्यू ब्रन्सविक प्रांतातले. तिथेच का? तिथे बंदुकांच्या नोंदणीचे सरकारी कार्यालय होते, ते बंद होऊन नोकऱ्या जाणार होत्या, म्हणून भरपाई. राजकारण सगळीकडे सारखेच असते. सॉफ्टवेअरचे काम २०११ मध्ये आयबीएमला मिळाले, नाव ठेवले फिनिक्स. राखेतून उठणारा पक्षी. राखेचा भाग नाव ठेवताना कोणाच्या लक्षात आला नसावा.

काम सोपे नव्हते, हे आधी मान्य करू. १०१ खाती आणि संस्था, सुमारे २,९०,००० माणसे, १०५ कामगार करार, आणि पगाराचे ८०,००० पेक्षा जास्त नियम. रात्रपाळीचा भत्ता वेगळा, बदली जागेवर काम केले तर वेगळा, बाळंतपणाच्या रजेचा वेगळा. आपल्याकडे ज्यांनी वेतन आयोगाची वेतननिश्चिती केली आहे, त्यांना हे सांगायला नको.

२०१२ मध्ये आयबीएमने सांगितले की हे सगळे बांधायला साडेपंधरा नव्हे, २७.४ कोटी डॉलर लागतील. मग सरकारच्या प्रकल्प अधिकाऱ्यांनी काय केले? जास्त पैसे मागितले नाहीत. काम कापले. पगाराच्या ९८४ क्रिया ठरल्या होत्या, त्यांतल्या शंभरावर काढून टाकल्या किंवा पुढे ढकलल्या. त्यांत एक होती मागच्या तारखेपासूनचा फरक काढण्याची. आपण फरक म्हणतो ना, तोच. आणि पुढे २०१६-१७ मध्ये कामगार करार झाले, तेव्हा लाखो माणसांचा नेमका फरकच काढायची वेळ आली!

त्याच वेळी दुसरीकडे जुने कारकून कमी केले जात होते. निरनिराळ्या खात्यांत मिळून १,२०० वेतन सल्लागार होते. खात्याचा करार काय, कोणाची रजा कशी बसते, हे त्यांना तोंडपाठ. त्यांच्या जागी मिरामिचीत ४६० सल्लागार आणि ९० मदतनीस नेमले, त्यांतले बहुतेक नवे. आणि हे फिनिक्स चालू व्हायच्या आधीच झाले. माझ्या मते सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी चूक, पैसे कापण्यापेक्षाही मोठी. आमच्या भाऊसाहेबांचे रजिस्टर तरी कागदावर होते. इथे रजिस्टर या १,२०० माणसांच्या डोक्यात होते, आणि त्यांना निरोप दिला गेला.

एका खात्यात फिनिक्स चालवून बघायचे ठरले होते. जुन्या पगाराला धक्का न लावता, खऱ्या परिस्थितीत. म्हणजे नेमकी लिओसारखी चाचणी, जुन्या अर्थाने बीटा. जून २०१५ मध्ये ती चाचणी रद्द केली. कारण? सॉफ्टवेअरमध्ये मोठे दोष होते आणि ते दुरुस्त करून चाचणी घ्यायला वेळ नव्हता. हे वाक्य पुन्हा ऐका. दोष आहेत म्हणून चाचणी रद्द! ताप आहे म्हणून थर्मामीटर ठेवून दिला. तुकड्यातुकड्यांनी ज्या चाचण्या झाल्या, त्यांत जे नापास झाले ते सगळे पुन्हा तपासले गेले नाही, आणि आरंभापासून शेवटापर्यंत संपूर्ण यंत्रणा एकदाही चालवून पाहिली नाही.

घाई एवढी कसली? इथे जमाखर्च समजून घ्या. या प्रकल्पातून वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असे कागदावर मांडले होते. ती बचत कधी सुरू होते? जुनी यंत्रणा आणि जुनी माणसे बंद होतात त्या दिवशी. म्हणजे ताळा पाहण्यात जो महिना जाईल तो हिशेबात तोट्याचा दिसतो. ताळ्याचा खर्च डोळ्यांना दिसतो, ताळा नसल्याचा खर्च दुसऱ्या कोणाच्या घरात पडतो. लायन्समध्येही दोन्ही पगारपत्रके काढण्याचा खर्च होताच. तो त्यांनी यंत्राच्या किमतीतच धरला, एवढाच फरक.

२४ फेब्रुवारी २०१६ ला ३४ खाती फिनिक्सवर गेली. तक्रारी लगेच येऊ लागल्या. तरी २१ एप्रिलला उरलेली ६७ गेली. जुनी यंत्रणा बंद.

पुढचे महालेखापरीक्षकांच्या अहवालांत आहे. तपासलेल्या कर्मचाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांना वर्षभरात एकदा तरी चुकीचा पगार मिळाला. जून २०१७ मध्ये दीड लाखावर माणसे दुरुस्तीची वाट बघत होती, आणि चुकांची रक्कम ५० कोटी डॉलरांच्या वर होती. कोणाला कमी, कोणाला जास्त. बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या बाया, सुट्टीत कामाला आलेले विद्यार्थी, हंगामी माणसे, ज्यांचे कागद नेहमीपेक्षा वेगळे, त्यांचे सर्वांत जास्त हाल. आणि जास्त पगार मिळणे हे काही सुख नव्हते. वर्ष उलटल्यावर परत करताना कर कापून मिळालेली रक्कम नव्हे, तर कर न कापलेली पूर्ण रक्कम मागितली जाई. म्हणजे जी हातात कधी आलीच नाही ती परत करा, कराचे नंतर बघू. २०१८ मध्ये सिनेटच्या समितीने सांगितले की न योजलेला खर्च २०२३ पर्यंत २२० कोटी डॉलरपर्यंत जाऊ शकतो. वाचणार होते वर्षाला ७ कोटी.

महालेखापरीक्षक मायकल फर्ग्युसन यांनी २०१८ च्या अहवालात याला अनाकलनीय अपयश म्हटले. लेखापरीक्षक सहसा असे शब्द वापरत नाहीत. त्यांचा रोख सॉफ्टवेअरवर कमी आणि माणसांवर जास्त होता. नको असलेले सत्य वर पोचवण्याची हिंमत नसलेली, आज्ञाधारक कचेरी, असे काहीसे त्यांचे निदान होते. खालच्या खात्यांनी शंका विचारल्या होत्या. उत्तर मिळाले, सगळे ठीक आहे.

तर १९५४ ला एका चहावाल्या कंपनीला जे माहीत होते, ते २०१६ ला एका श्रीमंत देशाच्या सरकारला माहीत नव्हते का? माहीत होते. चाचणी आखलेली होती, ती रद्द केली. ज्ञान नव्हते असे नाही, ज्ञानासाठी थांबायची तयारी नव्हती.

आपल्याकडे असे होत नाही, असे म्हणायला मी तोंड उघडणार होतो, पण २०१७ सालचे मुंबई विद्यापीठ आठवते. उन्हाळी परीक्षेच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका स्कॅन करून प्राध्यापकांनी संगणकाच्या पडद्यावर तपासायच्या, असे ठरले. कल्पना वाईट नव्हती. गुण बदलण्याचे प्रकार त्याने थांबले असते. पण सगळ्या विद्याशाखा एकाच हंगामात, आणि निकालाच्या घड्याळाची टिकटिक चालू असताना. राज्यपालांनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली. निकाल सप्टेंबरपर्यंत रेंगाळले, अनेक मुलांचे पुढचे प्रवेश अडकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केले गेले. १८५७ साली स्थापन झालेल्या विद्यापीठात हे घडले. इथेही प्रयोग कोणावर झाला? जी मुले फक्त पेपर लिहून घरी गेली होती त्यांच्यावर. त्यांना कोणी विचारले नव्हते.

बरं, वेळ झाली. प्रश्न आलेत. एक वाचतो.

‘सर, आमचे चार माणसांचे कर सल्लागाराचे ऑफिस आहे. बिले वाचून नोंदी करणारे एक नवीन एआय साधन बीटामध्ये आहे. जुनी पद्धत समांतर चालवायची म्हणजे दुप्पट काम, ते आम्हाला परवडत नाही. मग वापरूच नये का?’

वापरा. नको असे मी म्हणत नाही. पण सगळ्या गिऱ्हाइकांची बिले पहिल्या दिवशी त्यात घालू नका. असे एक गिऱ्हाईक निवडा की ज्याची नोंद चुकली तर तुम्हालाच त्रास होईल, त्याला दंड भरावा लागणार नाही. तुमची स्वतःची ऑफिसची बिलेच घ्या ना! लायन्सने आधी बेकरी घेतली, तसे. दुप्पट काम नको असेल तर प्रत्येक गठ्ठ्यातली दहा-वीस बिले हाताने करा, पण मशीनने काय लिहिले ते न बघता करा. बघून केली की डोळा त्याच्याच मागे जातो. फक्त सोपी नेहमीची बिले निवडू नका, परताव्याची, अर्धवट रकमेची, हाताने खाडाखोड केलेली घ्या. फिनिक्समध्ये मार खाल्ला तो नेहमीपेक्षा वेगळ्या माणसांनी. आणखी एक. आपली सगळी माहिती त्यातून साध्या फाइलमध्ये बाहेर काढता येते का, ते आधी, चालू करायच्या आधी, काढून बघा. बीटाच्या करारात ती वस्तू जशी आहे तशी दिलेली असते. उद्या त्यांनी ते बंद केले तर तुम्हाला कोणाकडे दाद मागता येत नाही. आणि हो, ज्या गिऱ्हाइकांची बिले त्यात घालाल त्यांना तसे सांगा. ते नाही म्हणाले तर नाही.

आणि दोन्ही आकडे जुळले नाहीत तर लगेच मशीनला दोष देऊ नका. कित्येकदा जुनी वहीच चुकलेली सापडते. भाऊसाहेबांच्या रजिस्टरमध्ये एका शिपायाची वेतनवाढ एक वर्ष राहून गेली होती, ती संगणकामुळेच सापडली. त्यांनी स्वतःच दाखवली.

दुसरा प्रश्न, ‘ऑफिसमध्ये थांबा म्हणायचा अधिकार कोणाला द्यावा?’ जो रोज नोंदी करतो त्याला. ज्याने साधन विकत घ्यायचे ठरवले त्याला देऊ नका, त्याला ते यशस्वी झालेले हवे असते. चार माणसांच्या ऑफिसात हे दोघे एकच असतील, तर मग बाहेरच्या कोणाला तरी महिन्यातून एकदा कागद दाखवा.

शेवटचा प्रश्न घेतो. ‘फिनिक्सचे पुढे काय झाले?’ २०१८ च्या अर्थसंकल्पात कॅनडाच्या सरकारने ते सोडून नवी यंत्रणा शोधायचे जाहीर केले. शोध चालू झाला, चाचण्या झाल्या, या वेळी हळूहळू. २०२४ मध्येही तिथले सरकारी पगार फिनिक्समधूनच निघत होते.